यंत्रांची पंगत

पुण्याहून पौडकडे जाणारा रस्ता भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे मागे टाकीत पुढे गेला, की घोटावडे फाट्यानंतर कासार आंबोली लागते. मी या गावचा रहिवासी. हाच रस्ता पुढे पौडवरून मुळशीच्या धरणाकडे जातो. १९२१ साली सेनापती बापट आणि मुळशी पेट्याचे मावळे सत्याग्रहाला उभे राहिले ते याच धरणाविरुद्ध. धरण व्हावयाचे ते झालेच. अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेले गेले, खाली कोकणात भिऱ्याला वीजघर उभे राहिले, आणि १९२७ सालापासून तिथली वीज मुंबईला जाऊ लागली. बटण दाबायचे मुंबईत, दिवा लागायचा मुंबईत, आणि त्यासाठी पाणी सुटायचे ते आमच्या मुळशीच्या तळ्यातून! दुरून चालवलेल्या यंत्राची आमच्या तालुक्याला पहिली ओळख झाली ती अशी. त्या ओळखीत एक खोट होती. मुंबईचा हुकूम इकडे बिनचूक पोचत होता. इकडचे म्हणणे तिकडे पोचत नव्हते.

त्या लढ्याचा इतिहास जाणत्यांनी लिहून ठेवलेला आहे, त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. मला सांगावयाचा आहे तो एका लहानशा, फारसा कोणाला ठाऊक नसलेल्या विद्येचा इतिहास: विजेची मोजमापे करणारी उपकरणे संगणकाच्या साहाय्याने दुरून कशी चालवावी, ही ती विद्या. पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत तपासणीच्या खात्यात माझी उमेद गेली. म्हणून या विद्येचे बालपण आणि तारुण्य दोन्ही मला जवळून पाहावयास मिळाले. आणि ती पाहताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. दुरून हुकूम देणे सोपे असते. दुरून आलेले उत्तर ऐकणे, आणि ते खरे आहे की नाही हे ओळखणे, हे कठीण. या विद्येचा सगळा इतिहास म्हणजे त्या उत्तराच्या शोधाचा इतिहास आहे.

आधी हाताने तपासणी कशी होत असे ते सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. एक टेबल, त्यावर व्होल्टमीटर, ऑसिलोस्कोप आणि विजेचा दाब हवा तसा कमीजास्त करून देणारी एक पेटी. तपासावयाचा बोर्ड मध्ये ठेवायचा. एकाने मीटरच्या दोन सुया बोर्डावर टेकवायच्या आणि आकडा मोठ्याने वाचायचा. दुसऱ्याने तो तांबड्या पुठ्ठ्याच्या नोंदवहीत लिहायचा. एका बोर्डावर अशा वीस-पंचवीस जागा, आणि दिवसाला बोर्ड शंभर! दुपारी जेवून आल्यावर वाचणाऱ्याचा आवाज जड होई, लिहिणाऱ्याचे डोळे मिटू लागत. आकडा नियमात बसणारा असला की तो न बघताच लिहिण्याचा मोह होई. तपासणीच्या खात्यात काम केलेल्या कोणालाही हे पटेल. मनुष्य थकतो, आणि थकलेला मनुष्य आपल्याला हवे तेच वाचतो. या कामाला न थकणारा गडी मिळाला तर बरे, असे कोणाच्याही मनात यावे.

दुरून हुकूम देण्याची हौस मात्र याहून पुष्कळ जुनी आहे. १८९५ च्या सुमारास आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये एक प्रयोग करून दाखविला. एका ठिकाणाहून त्यांनी विद्युत्-लहरी सोडल्या. मधल्या भिंती ओलांडून त्या दूरच्या खोलीत पोचल्या, आणि तिथे घंटा वाजली, बंदुकीची दारू पेटली. मध्ये तार नाही, दोरी नाही! पुढे १८९८ साली निकोला टेस्ला याने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पाण्याच्या हौदात एक छोटी बोट सोडली आणि दुरून लहरी पाठवून ती हवी तशी वळवून दाखविली. बघ्यांना ती जादूच वाटली. दोन्ही प्रयोग थोर, त्यांत शंका नाही. पण दोन्हींत हुकूम एकाच बाजूने जात होता. घंटेने 'वाजले बरे' असा निरोप उलट पाठविला नाही. बोटीने 'वळले' असे सांगितले नाही. प्रयोग करणारा समोर उभा होता, त्याचे डोळे आणि कान हेच उत्तर. तोच जर पन्नास मैलांवर असता, तर घंटा वाजली की नाही हे त्याला कोणी सांगितले असते?

आता अमेरिकेतल्या एका गॅरेजकडे वळू. मोटार ठेवण्याची ती जागा कॅलिफोर्नियात पालो आल्टो गावी आहे. तिथे १९३९ साली बिल ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या दोन तरुणांनी आपला उद्योग सुरू केला. त्यांची पहिली वस्तू म्हणजे ध्वनीच्या पट्टीतल्या विद्युत्-कंपनांचा एक जनक. वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने 'फँटेशिया' या चित्रपटाच्या कामासाठी त्यांच्याकडून असे आठ नग विकत घेतले, आणि कंपनीचे पाऊल स्थिरावले. पुढे पंचवीस-तीस वर्षे ही मंडळी मोजमापाची उपकरणेच करीत राहिली. १९६६ साली त्यांनी आपला पहिला संगणक काढला, तोही हिशेब-ठिशेबांसाठी नव्हे, तर आपल्याच उपकरणांना हुकूम देण्यासाठी आणि त्यांची मापे गोळा करण्यासाठी.

न थकणारा गडी आला खरा, पण त्याची अडचण लवकरच दिसून आली. प्रत्येक उपकरणाची खुंटी वेगळी, तारांची संख्या वेगळी, बोलण्याची रीत वेगळी. व्होल्टमीटर जोडावयाचा तर संगणकात एक खास पट्टी बसवायची. कंपनमापक जोडावयाचा तर दुसरी. लग्नघरी दहा गावचे पाहुणे यावे आणि प्रत्येकाची भाषा निराळी असावी, तशी गत. यजमानाने करावे तरी काय?

तेव्हा १९६० च्या दशकाच्या अखेरीस याच कंपनीत एक विचार निघाला. सगळ्या उपकरणांना एकच खुंटी, एकच केबल आणि बोलण्याचा एकच शिरस्ता ठरवावा. १९७० नंतरच्या दोनचार वर्षांत ही सोय असलेली उपकरणे बाजारात आली. १९७५ साली आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने तोच शिरस्ता ४८८ या क्रमांकाचे मानक म्हणून सर्वांसाठी जाहीर केला. मूळ कंपनी त्याला एचपी-आयबी म्हणे. प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या मालावर कोण छापील? म्हणून बाकीच्यांनी त्याला जीपीआयबी म्हणावयास सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झाले. आम्हीही तेच म्हणत असू.

त्या केबलचे कौतुक मी आजही करतो. बोटभर जाडीची केबल. टोकाला २४ पिनांचा जोड. जोडावर जोड चढवीत जायचे, जशी डब्यावर डबे बसवून जेवणाचा डबा होतो तसे. एका केबलीवर संगणक धरून १५ उपकरणे बसत. सगळ्या केबलींची लांबी मिळून २० मीटरांपेक्षा अधिक चालत नसे. आत निरोप वाहणाऱ्या तारा १६. त्यांपैकी ८ मजकुराच्या, ५ व्यवस्थेच्या, आणि ३ फार खुबीच्या. त्या तिन्हींचे काम सांगण्यासाठी मला आपल्या पंगतीकडे यावे लागते.

पंगतीत यजमान असतो, वाढपी असतात, जेवणारे असतात. जीपीआयबीतही नेमके हेच तीन. यजमान म्हणजे संगणक: कोणी बोलावे आणि कोणी ऐकावे हे तो ठरवितो. वाढपी म्हणजे बोलणारे उपकरण, तेही एका वेळी एकच. जेवणारे म्हणजे ऐकणारी उपकरणे. ती कितीही असोत. आता त्या तीन तारा. पहिल्या तारेवर प्रत्येक ऐकणारा सांगतो, 'मी अजून तयार नाही.' एकाने जरी ही तार धरून ठेवली, तरी वाढपी हात चालवीत नाही. सगळ्यांनी सोडली की दुसऱ्या तारेवरून वाढपी पुकारतो, 'वाढले आहे, घ्या.' तिसऱ्या तारेवर ऐकणारे म्हणत असतात, 'मला अजून पोचले नाही.' शेवटच्याच्या पानात पडून त्यानेही ती तार सोडली, म्हणजेच पुढचा घास वाढावयाचा. अशा रीतीने मजकुराचे एकेक अक्षर वाढले जाते.

यात गंमत अशी, की सर्वांत सावकाश ऐकणारा असेल त्याच्या गतीने सगळी पंगत चालते. आपल्याकडे नाही का, पंगतीतल्या शेवटच्या म्हाताऱ्या पाहुण्याचे जेवण आटोपल्याशिवाय कोणी पानावरून उठत नाही? चपळ उपकरणांना थोडे थांबावे लागते, पण कोणी उपाशी राहत नाही, आणि वाढलेले पोचले की नाही असा संशय उरत नाही. टेस्लाच्या बोटीला जे जमत नव्हते ते इथे जमले. हुकुमाच्या प्रत्येक अक्षराची पोचपावती मिळू लागली.

प्रत्येक उपकरणाला पानाचा क्रमांक असावाच लागे. पाठीमागे पाच इवल्या खिट्ट्या असत, त्या वरखाली करून ० ते ३० पर्यंतचा आकडा नेमून द्यायचा. दोन उपकरणांना चुकून एकच आकडा दिला, की दोघेही एकदम बोलावयास उठत आणि सगळा गोंधळ होई. नवा मुलगा खात्यात आला, की त्याला पहिला धडा त्या खिट्ट्यांचा मिळे.

पोचपावतीची सोय झाली, तरी भाषेचा प्रश्न उरलाच. अक्षरे बिनचूक पोचत. पण एका कंपनीच्या मीटरला दाब मोजण्यासाठी एक शब्द लागे, दुसरीच्या मीटरला दुसरा. उपकरण बदलले की सगळा कार्यक्रम नव्याने लिहावा लागे. त्यावर १९८७ साली आणखी एक नियम झाला. प्रत्येक उपकरणाला काही प्रश्न समजलेच पाहिजेत असे ठरले. त्यांतला पहिला प्रश्न म्हणजे 'स्टार, आय-डी-एन, प्रश्नचिन्ह'. अर्थ एवढाच: 'बाबा, तू कोण?' उपकरणाने चार गोष्टी सांगावयाच्या: करणाऱ्याचे नाव, आपला नमुना, आपला अनुक्रमांक आणि आतल्या कार्यक्रमाची आवृत्ती. आमच्या गावात कोणी अनोळखी मुलगा दिसला, की पारावरचे म्हातारे त्याला विचारतात, 'कुणाचा रे तू? कुठला?' आधी कूळ, मग काम. यंत्रांच्या जगातही हीच रीत रुजली, याचे मला फार कौतुक वाटते. काम सांगण्यापूर्वी समोर कोण आहे हे विचारून घ्यावे, हे शहाणपण काही लहान नाही.

१९९० साली अनेक कंपन्यांनी मिळून हुकुमांची एक सामाईक भाषाच तयार केली. तिला 'स्किपी' म्हणतात. दाब मोज, प्रवाह मोज, कंपने मोज, यांसाठी कोणाच्याही उपकरणाला एकसारखे शब्द. ही भाषा आजही चालू आहे. केबली बदलल्या, खुंट्या बदलल्या, भाषा तीच राहिली.

या भाषेत दोन शब्द आहेत, त्यांची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. एक 'रीड', दुसरा 'फेच'. 'रीड' म्हटले की उपकरण नव्याने माप घेते आणि ते सांगते. 'फेच' म्हटले की आधी घेतलेले, जवळ असलेले माप उचलून देते. घरच्या भाषेत बोलायचे, तर एक ताजे वाढणे आणि एक शिळे वाढणे. दोन्हींचा आपापला उपयोग आहे. घाईच्या वेळी एकाच मापाचा पुन्हा उपयोग करावयाचा असला तर शिळेच हवे असते. पण कोणते मागितले हे मागणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

मी ज्या एका कारखान्यात होतो, तिथे एकदा नवा कार्यक्रम बसविण्यात आला. बाहेरून आलेली मंडळी तो बसवून गेली आणि सगळे खूष झाले. मीटर आपोआप चालू लागला, कागदावर आकडे छापून येऊ लागले, नोंदवहीची गरज संपली. आमच्या खात्यात एक जुने तपासनीस होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. नव्या व्यवस्थेत अण्णांना काही काम उरले नव्हते. साहेबांनी त्यांना छापील कागद फाईलला लावावयास सांगितले होते, आणि अण्णा ते मुकाट्याने करीत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते एक कागद घेऊन आले आणि म्हणाले, "ह्या चाळीस बोर्डांचा दाब बघा. सगळ्यांचा पाच पूर्णांक शून्य एक तीन. चौथ्या आकड्यापर्यंत सारखा."

कोणीतरी म्हणाले, "मग चांगलेच आहे की, अण्णा. माल एकसारखा निघतोय."

अण्णा म्हणाले, "अहो, एका चुलीवरच्या दोन भाकऱ्या एकसारख्या उतरत नाहीत. चाळीस भावंडांची उंची केसाच्या जाडीनेसुद्धा वेगळी नाही, हे मला पटत नाही."

त्यांनी जुना हातमीटर काढला, ढिगातले चारपाच बोर्ड उचलले आणि माप घेतले. आकडे वेगवेगळे निघाले, आणि दोन बोर्ड तर चक्क नापास होण्याच्या लायकीचे होते. कार्यक्रमात 'रीड'च्या जागी 'फेच' पडला होता. संगणक इमानाने विचारीत होता, मीटर इमानाने उत्तर देत होता, आणि दोघे मिळून पहिल्या बोर्डाचेच माप चाळीस वेळा सांगत होते. पोचपावत्या सगळ्या बरोबर! उत्तर मात्र शिळे.

पुढच्या आठवड्यापासून अण्णांचे टेबल बदलले. छापील कागद फाईलला लावण्यापूर्वी त्यांच्या नजरेखालून जावयाचे, असा नियम झाला. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांची ती जुनी जोडी गेली, हे खरे. त्या नोकऱ्या पुन्हा आल्या नाहीत, आणि ज्यांच्या गेल्या त्यांचे हाल झाले, तेही खरे. पण उत्तराकडे संशयाने पाहणारा एक मनुष्य प्रत्येक खात्यात लागतोच, हे त्या दिवशी आमच्या साहेबांनाही कळून चुकले.

इथवर गोष्ट एका टेबलाची झाली. वीस मीटरांची केबल, पंधरा उपकरणे, एक संगणक. आता हेच काम पंचवीस किलोमीटरांवर करावयाचे असेल तर? त्याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशात जावयास नको. पुणे जिल्ह्यातच जुन्नर तालुक्यात खोडदला जावे. माझ्या गावाहून तिथे जावयाचे म्हणजे पुण्यात येऊन नाशिकचा रस्ता धरायचा, आणि नारायणगावाहून आत वळायचे.

खोडदच्या दुर्बिणीमागे जी व्यक्ती उभी होती ती म्हणजे प्रा. गोविंद स्वरूप. १९६५ साली त्यांनी कल्याणला ३२ लहान तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली. त्या तबकड्या ऑस्ट्रेलियातून आलेल्या, एकेक सहा फुटांची. त्यांनी सूर्याचे निरीक्षण होई. १९७० साली उटीजवळ त्यांनी ५३० मीटर लांबीची दुर्बीण डोंगराच्या उतारावर बसविली. डोंगराचा तो उतार पृथ्वीच्या अक्षाशी समांतर, म्हणून एकाच अक्षावर फिरवून तारा धरून ठेवता येतो. याच काळात आपल्या देशात संगणकही घडत होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' १९६० साली चालू झाला, आणि १९६९ साली तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात 'टीडीसी-१२' तयार झाला. दोन्ही प्रवाह पुढे खोडदला एकत्र आले.

तिथे एकूण ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ तबकड्या खोडदजवळ चौरस किलोमीटरभर जागेत दाटीने आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन बाहूंवर शेतांमधून पसरलेल्या आहेत. टोकाच्या दोन तबकड्यांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर. एवढी मोठी तबकडी पत्र्याची केली असती, तर वाऱ्याने उलथली असती किंवा पोलादाचा खर्च परवडला नसता. म्हणून ती अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जाड पोलादी तारेच्या जाळीची केली आणि ती जाळी दोरखंडांनी ताणून बसविली. वारा जाळीतून निघून जातो. रेडिओलहरींना मात्र ती जाळी आरशासारखी दिसते. चाळणीत पाणी ठरत नाही, पण बोरे ठरतात, तसे काहीसे.

आता तीस तबकड्यांपाशी तीस माणसे बसवून 'डावीकडे वळवा, थोडी वर करा' असे टेलिफोनवर सांगत बसणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक तबकडीपाशी तिचा स्वतःचा संगणक ठेवला, आणि काचेच्या तंतूंनी तो खोडदच्या नियंत्रणकक्षाला जोडला. खोडदहून हुकूम जातो: अमुक ताऱ्याकडे वळ, अमुक पट्टीचा ग्राहक पुढे आण, आवाज इतका कमी कर. तबकडी मिनिटाला ३० अंशांच्या वेगाने वळू लागते. हुकुमाच्या मागोमाग तिची हालहवाल परत येऊ लागते: आता किती अंशांवर आहे, मोटारीत प्रवाह किती, आतले तापमान किती, वारा किती. ताशी ४० किलोमीटरांहून अधिक वारा सुटला, की तबकडीचे तोंड आकाशाकडे सरळ करून तिला कुलूपबंद करून ठेवतात. आपल्या पंगतीतला यजमान इथे खोडदला बसलेला आहे, आणि पाने शिवारभर मांडलेली आहेत!

याहूनही मला आवडते ती त्यांची दुसरी युक्ती. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण, की तो ग्राहकाने किती मोठा केला हे कळावयास काही साधन हवे. म्हणून प्रत्येक तबकडीच्या ग्राहकात एक लहानसे उपकरण बसविलेले आहे, ते मोजून-मापून तेवढाच विजेचा गोंगाट निर्माण करते. नियंत्रणकक्षातून हुकूम दिला, की तो ठाऊक असलेला गोंगाट क्षणभर ग्राहकात सोडला जातो. उत्तर किती आले त्यावरून ग्राहकाची पारख होते. सराफ आपल्या काट्यावर आधी स्वतःजवळचे वजन ठेवून पाहतो, त्यातलाच हा प्रकार. मैलोगणती दूरच्या उपकरणाला खरेखोटे विचारण्याची याहून प्रामाणिक रीत मला ठाऊक नाही.

२००२ सालापासून ही दुर्बीण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी खुली आहे. पुढे तिचे ग्राहक आणि नियंत्रण दोन्ही नव्याने घडविले गेले. गोविंद स्वरूप २०२० साली पुण्यात वारले, पण तत्पूर्वी आपल्या तबकड्यांनी केलेले एक विलक्षण काम त्यांना पाहावयास मिळाले.

१९ ऑक्टोबर २०१६ हा तो दिवस. युरोपीय आणि रशियन अवकाशसंस्थांचे 'स्कियापरेली' नावाचे यान त्या दिवशी मंगळावर उतरावयाचे होते. उतरताना ते एक बारीक रेडिओसाद देत राहणार होते. तो साद मुळात मंगळाभोवती फिरणाऱ्या यानासाठी होता, पृथ्वीसाठी नव्हे. खोडदच्या तबकड्या मंगळाकडे वळवून ठेवण्यात आल्या आणि तो इवलासा साद जुन्नरच्या शिवारात ऐकू आला. मंगळापासून इथवर यावयास त्याला पावणेदहा मिनिटे लागत होती. साद आला, हवाईछत्री उघडल्याची खूणही त्यात मिळाली, आणि उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडा आधी तो थांबला.

पुढे चौकशी झाली. तिच्यातून निघालेली हकीकत तपासणीच्या खात्यातल्या प्रत्येकाने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. हवाईछत्री उघडताच यानाला अपेक्षेहून जोराचे हेलकावे बसले. गिरकी मोजणाऱ्या उपकरणाची मर्यादा संपली आणि सुमारे एक सेकंदभर ते आपला कमाल आकडाच सांगत राहिले. यानाच्या संगणकाने तो आकडा खरा धरून हिशेब केला. उत्तर निघाले की यान जमिनीच्या खाली पोचले आहे! प्रत्यक्षात ते जमिनीपासून सुमारे पावणेचार किलोमीटर उंचावर होते. संगणकाने हवाईछत्री सोडून दिली, वेग कमी करणारी इंजिने तीनच सेकंद चालविली, आणि उतरल्यानंतरची उपकरणे चालू केली. यान तेवढ्या उंचीवरून कोसळले.

पृथ्वीवरून कोणी हुकूम देऊन त्याला वाचविणे शक्यच नव्हते. निरोप जावयास पावणेदहा मिनिटे आणि यावयास पावणेदहा. जो काही शहाणपणा असावयास हवा होता तो यानातच ठेवावयास हवा होता. उंची शून्याखाली गेली असे उत्तर आले, तर चौथीतला मुलगासुद्धा म्हणेल, 'हे कसे होईल?' तेवढा एक प्रश्न विचारणारा अण्णा त्या यानात कोणी बसविला नव्हता. हुकूम होता, उत्तर होते, पोचपावत्या होत्या. उत्तराची पारख नव्हती.

आता ही विद्या फार पसरली आहे. २००५ साली उपकरणांना संगणकांच्या नेहमीच्या जाळ्यातच जोडण्याचा शिरस्ता ठरला, तेव्हापासून वीस मीटरांची ती मर्यादा राहिली नाही. भारत सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्ज' या योजनेत आपल्या मुंबईची आय.आय.टी. आणि पुण्याचे जुने अभियांत्रिकी महाविद्यालय सामील आहेत. त्यातले पुष्कळ प्रयोग संगणकावरचे चित्ररूप आहेत, तर काहींत दूरच्या प्रयोगशाळेतले खरे उपकरण घरबसल्या चालवावयास मिळते. आडगावच्या मुलालाही महागड्या उपकरणाला हात लावता येतो, तो हात दुरूनचा का असेना! ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत जी प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी राहते आहे, तिच्या नियंत्रणव्यवस्थेचा आराखडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे नेतृत्व पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने केले. जानेवारी २०२४ मध्ये भारत सरकारने त्या प्रकल्पात सहभागी होण्यासाठी १,२५० कोटी रुपयांना मंजुरी दिली. खोडदच्या तबकड्यांना हुकूम देता देता मिळालेले शहाणपण आता दुसऱ्या खंडांतल्या यंत्रांच्या कामी येणार आहे.

म्हणून नव्या मुलांना मी सांगतो ते एवढेच. तुमच्या बोटाखाली कळ आली आहे, ती दाबल्याने काय होते हे शिकावयास दोन दिवस पुरतात. टोकाला जे यंत्र आहे, आणि त्या यंत्रापाशी जो मनुष्य आहे, तो काय म्हणतो हे ऐकावयास शिका. तो कोण हे आधी विचारा. उत्तर ताजे आहे की शिळे, हे पाहा. आकडा फारच गोड वाटला तर हातमीटर काढा. आणि पंगतीतल्या सर्वांत सावकाश जेवणाऱ्याचे पान रिकामे तर नाही ना, इकडे लक्ष असू द्या. मुळशीच्या तळ्याचे पाणी जेव्हा पहिल्यांदा घाटाखाली उतरले, तेव्हा अशी तिसरी तार कोणी जोडली नव्हती. यंत्रांसाठी ती आपण जोडली. माणसांसाठीही जोडावी, एवढी बुद्धी या दिवाळीत आपणां सर्वांना होवो.